रसवंतीपर्यंत पोचलेला आवाज

आण्णा, गेल्या रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर आईनं मला विचारलं, तुमचा आवाज कुठं भरून ठेवलेला आहे का. भाजीला काय करायचं असं विचारावं तितक्या सहज विचारलं तिनं, पण मला कळलं की हा प्रश्न ती बरेच दिवस मनात घेऊन फिरत होती. तिचा डावा कान गेलाय. उजव्याचंही फार दिवसांचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मशीन लावलं तर शब्द कळतील, पण माणसाचा आवाज पूर्वीसारखा वाटेलच असं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. तेव्हापासून तिनं जे जे ऐकून घ्यायचं त्याची मनातल्या मनात यादी केली असावी. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी त्या यादीत पहिले तुम्हीच.

तीस वर्षं तुम्ही एसटी स्टँडवर माइकमधून बोललात. निम्मा जिल्हा तुमच्या आवाजावर गाडीत चढला आणि उतरला, आणि त्यातलं एक वाक्यही कुणी टेप करून ठेवलं नाही. रोज येणाऱ्या आवाजाला कोण टेप करतं? घरी तर तुम्ही बोलतच नव्हता. आई म्हणायची, सगळं बोलणं स्टँडवर संपवून येतात, घरी नुसतं पोट घेऊन येतात. तुम्ही हसायचात आणि पुढची भाकरी मागायचात.

शाळेत असताना मी डबा घेऊन यायचे तुमच्या त्या कंट्रोल केबिनमध्ये. ड्युटीवर बसलात की पहिलं काम ठरलेलं. माइकवर नखानं दोनदा टकटक करायची, तेर गावच्या गाडीची घोषणा करायची आणि मग खिडकीतून थेट पलीकडं, स्टँडच्या पार टोकाला असलेल्या रसवंतीकडं बघायचं. तो रसवंतीवाला हात वर करून फडकं हलवायचा. हलवलं की तुम्ही पुढच्या गाडीकडं वळणार. नाही हलवलं की वायर तपासणार, कर्ण्याखाली जाऊन उभे राहणार, परत टकटक. मला तो खेळ वाटायचा. एकदा मी म्हटलं, आवाज तर येतोय की, मला ऐकू येतंय. तुम्ही म्हणालात, "तू हितं बसलीस. त्येला इचार."

आणि एकदा याच्यावरूनच तुमची बोलणी खाल्ली. तेरची आत्या चारच्या गाडीनं येणार, तिला आणायला जा, असा आईसाठीचा निरोप तुम्ही बाहेरगावी जाताना माझ्याकडं दिला होता. मी स्वयंपाकघराच्या दारातून आईला सांगितला आणि खेळायला पळाले. आत स्टोव्ह भरभरत होता. आईला अक्षर ऐकू गेलं नाही. आत्या पिशव्या घेऊन दोन तास स्टँडवर बसून राहिली, तीही तुमच्या सुट्टीच्या दिवशी. संध्याकाळी मी छाती काढून सांगितलं, मी सांगितलं होतं. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, पण त्या दिवशीचा तुमचा आवाज मला हातासारखा लागला. "तू सांगितलंस गं. पोचलं का, ते बगितलंस का?" मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. आता मीच माझ्या कॉम्प्युटर क्लासमधल्या पोरापोरींना हेच शिकवते. कॉम्प्युटरमधून आवाज येत नाही म्हणाले की मी विचारते, निघत नाही का पोचत नाही?

तर तुमचा आवाज. तो एकाच ठिकाणी असायची शक्यता होती, माझ्या लग्नाच्या डीव्हीडीत. पाठवणीच्या वेळी तुम्ही मांडववाल्याच्या हातातून माइक घेतलात. मी गाडीच्या दाराशी, सासरची माणसं भोवती. तुम्ही सवयीनं दोनदा टकटक केली आणि सुरू झालात. प्रवाशांनी लक्ष द्यावं, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णीमार्गे पुण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे, ह्या गाडीत आमची लेक चाललीय. मांडव हसला. आपली माणसं हसता हसता डोळे पुसत होती, पण पुण्याची माणसं नुसती हसत होती. माझ्या नणंदेनं तोंडावर पदर धरला. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. त्या हसण्यात तुम्ही आणखी दोन वाक्यं बोललात आणि माइक परत दिलात.

ती डीव्हीडी मी कधीच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती, लावली मात्र कधी नव्हती. आईला खुर्ची ओढून स्पीकरशेजारी बसवलं, उजवा कान स्पीकरकडं. फाईल लावली. चित्र आलं, मांडव आला, तुम्ही आलात, फेट्यातले. आवाज नाही. आई इतक्या हळू म्हणाली की मलाच नीट ऐकू आलं नाही. "ह्यो बी कान गेला का गं माजा?"

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, नाही गं, कॉम्प्युटर बिघडलाय. पण तिचा विश्वास बसेना. तिला वाटलं मी समजूत घालतेय. मग मला आवाज काढणं भागच पडलं. तुमच्याच पद्धतीनं, ऐकणाऱ्याच्या टोकाकडून मागं मागं जात सुरुवात केली. स्पीकरचा दिवा लागलेला. मागची हिरवी पिन काढून परत घट्ट बसवली. कोपऱ्यातला व्हॉल्यूम पूर्ण. इंटरनेटवरचं एक कीर्तन लावलं, तर बुवा खणखणीत. आई दचकली आणि हसली. कान शाबूत होता. म्हणजे स्पीकरपर्यंतचा रस्ता मोकळा होता, अडचण प्लेअरमध्ये होती. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा कमीजास्त करायची एक जागा असते, तिथं बघितलं, तर प्लेअरचाही आवाज पूर्ण. त्याच प्लेअरमध्ये भाच्याच्या बारशाचा व्हिडिओ लावला, तो नीट बोलला. मग राहिली ही एकटी फाईल. तिच्यातला आवाज जुन्या पद्धतीनं बांधलेला होता आणि ते गाठोडं सोडणं ह्या प्लेअरला येत नव्हतं. बिचारा चित्र दाखवायचा आणि आवाजापाशी गप्प बसायचा. मी दुसरा प्लेअर उतरवून घेतला, सगळ्या प्रकारची गाठोडी सोडणारा. या सगळ्यात तास-दीड तास गेला. आई जागची हलली नाही, चहा नको म्हणाली. मधूनच म्हणायची, सावकाश कर, म्या हाय हितंच.

नव्या प्लेअरमध्ये फाईल लावली आणि आवाज आला. सनई आली. ढोल आला. तुम्ही माइक हातात घेतलात, नखानं टकटक केलीत, ओठ हलले, आणि वर पाठवणीचं गाणं वाजायला लागलं. आपल्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओत मूळ आवाज काढून गाणी घालतातच, तुम्हाला माहीत आहे. मी मागं नेऊन परत लावलं, दुसरा आवाजाचा ट्रॅक आहे का बघितलं. नव्हता. आईनं विचारलं, त्यांचं बोलणं कुठंय? मी सांगितलं, स्टुडिओवाल्यानं काढून टाकलं, मेल्याला काही कळत नाही.

आण्णा, मी खोटं बोलले. लग्नानंतर मांडवपरतणीला माहेरी आले तेव्हा मी स्वतः स्टुडिओत गेले होते. तो म्हणत होता, ताई, आण्णांचं बोलणं ठेवू या, झकास आहे. मी म्हटलं, तिथं गाणं टाका. ही डीव्हीडी पुण्याला जाणार होती, नणंदा बघणार होत्या. मला तुमची लाज वाटली होती. इतके दिवस मी त्या लाजेला दुसरी नावं देत आले.

गाणं चाललं होतं. आई पडद्याकडं बघत म्हणाली, बंद कर ते. तासभर खपून आणलेला आवाज मी एका टिचकीनं बंद केला. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून माइक घेतलात. आणि आई बोलायला लागली, तुमच्या ओठांबरोबर, तुमच्याच त्या खालून वर जाणाऱ्या सुरात. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी. फलाट क्रमांक एक. कुठं अडखळली नाही. मांडव हसला तिथं ती थांबली, तुम्ही थांबलात तेवढीच. मग म्हणाली, "परतीच्या गाडीला टाइम न्हाय. कवाबी ये बाई, जागा राखीव हाय."

मी तिला विचारलं, तुला कसं पाठ? ती म्हणाली, पाठवणीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही पाच-सात वेळा म्हणून बघितलं होतं, आणि ती चपात्या लाटत होती. एवढं बोलून तिनं चष्मा पुसला आणि परत लाव म्हणाली. आम्ही चार वेळा लावलं, गाण्याशिवाय. तिला ऐकायचं होतं ते मी तिला देऊ शकले नाही, तिनंच ते मला दिलं.

तुम्ही होता तोवर मी पुण्याच्या त्या घरात सात वर्षं काढली. काय चाललंय ते तुम्हाला अर्धंमुर्धं माहीत होतं. दर दिवाळीला तुम्ही मला गाडीत बसवून द्यायला यायचात आणि खिडकीशी काहीतरी बोलायला उभे राहायचात, मग गाडी सुटायची. मी बॅग घेऊन कायमची परत आले, ते तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी. जागा राखीवच होती.

हे पत्र लिहून मी त्या फाईलशेजारीच ठेवणार आहे, दुसरीकडं कुठं टाकू? पण एक सांगायचं राहिलंय. मांडवपरतणीच्या त्याच दिवशी, स्टुडिओतून मी घरी आले तर तुम्ही स्वयंपाकघरात चहा पीत होता. बशीतून नजर वर न करता तुम्ही विचारलंत, "परवा मागं पोचत व्हता का माजा आवाज?" मी म्हटलं, नाही, कर्णा खराब होता, शेवटचं काहीच कळलं नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी मांडववाल्याकडं जाऊन त्याला बोललात, आणि तो शपथेवर सांगत होता की कर्णा नवा कोरा आहे.

कर्णा चांगला होता, आण्णा. मी गाडीच्या दाराशी उभी होते, तुमच्यापासून रसवंतीइतकी लांब, आणि मला शेवटच्या शब्दापर्यंत सगळं ऐकू आलं होतं. तुम्ही माझ्याकडं बघत होता. मी हात वर केला नाही.