पातळ म्हणजे पेट्रोल कमी

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, धंदा दुचाकी दुरुस्ती, शिक्षण नववी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे व प्रकृती चांगली आहे. कोणी दमदाटी केलेली नाही. काकांनी चेष्टा केली आहे, परंतु चेष्टा म्हणजे दमदाटी नव्हे. ‘कार्ब्युरेटर’ हा शब्द शब्दकोशात पाहून लिहिला आहे. त्यावरून कोणी माझ्या शुद्धीबद्दल शंका घेऊ नये.

हे लिहिण्याचे कारण असे. येत्या मंगळवारी बाबांची मोटारसायकल शेवटच्या चाचणीसाठी डायनोवर चढणार आहे. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेला लोखंडी रोलर. मागचे चाक त्याच्यावर, पुढचे चाक शिकंज्यात, बाजूंनी पट्टे आवळलेले. गाडी जीव खाऊन पळते आणि जागची हलत नाही. सायलेन्सरमध्ये खुपसलेली नळी धूर हुंगते आणि पेट्रोल व हवा कोणत्या प्रमाणात जळत आहेत त्याची रेघ पडद्यावर उमटते. गाडीवर मी बसणार. मूठ शेवटपर्यंत पिळायची आहे, आणि इंजिन माझ्यापेक्षा वयाने दुप्पट आहे.

मी रोलरवाल्याला विचारले, “पट्टा तुटला तर?”

“नाही तुटत.”

“पण समजा, तुटला.”

तेव्हा काका म्हणाले, “एवढं काळजाचं पाणी होतंय तर मृत्युपत्र करून ये की!” सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन विचार केला. बोलणे चेष्टेचे होते, मुद्दा बरोबर होता.

कलम एक. राहती खोली आणि बँकेत जे काही असेल ते आईचे. खोलीची खिडकी लावताना आधी किंचित उचलावी, मग ओढावी. हे आईला तोंडी पुष्कळदा सांगून झाले आहे. आता लेखी आहे.

कलम दोन. माझे सगळे पाने ताईला. घरातला नळ ती स्वतः उघडते आणि पुन्हा जोडल्यावर तिच्याकडे एकही वॉशर उरत नाही. भावोजींनी मात्र पान्यांना हात लावू नये. माझा टॉर्क पाना, म्हणजे नट किती आवळला गेला ते दाखवणारा नाजूक पाना, त्यांनी भिंतीत खिळा ठोकायला वापरला. वर म्हणाले, “पाना काय, हातोडा काय, लोखंडच ना शेवटी?” ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेले नाही. माणूस चांगला आहे. त्यांना रेडिओ द्यावा.

कलम तीन. शेजारच्या वेल्डरला काहीही देऊ नये. गेली दोन वर्षे मी गल्लीत शिरलो की तो ओरडतो, “गाडी येतेय की दम्याचा पेशंट?” पण काही न देण्याचे कारण ते नाही. त्याला मी साक्षीदार करणार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, असे कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या गृहस्थांनी बजावले आहे. वेल्डरने गैरसमज करून घेऊ नये. करून घेतलाच तर हरकत नाही.

कलम चार. मोटारसायकल. हे कलम लांबणार आहे.

ही गाडी बाबांनी आणि काकांनी मिळून भंगारातून उचलली आणि उभी केली. कागद बाबांच्या नावावर होते, म्हणून त्यांच्यानंतर गाडी माझ्याकडे आली. काका कधी काही बोलले नाहीत. उलट दर रविवारी येत, फेरी मारून आणत आणि म्हणत, “आपली गाडी आज खुशीत आहे.”

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ते स्पार्क प्लग काढून बघत म्हणाले, “मिश्रण पातळ झालंय. नीट कर.” मी नीट केले. इथे एक सांगणे जरुरीचे आहे. दुरुस्तीच्या धंद्यात येण्याआधी मी रंगाऱ्याकडे होतो. रंग पातळ कर म्हटले की थिनर ओतायचा. त्या हिशेबाने पातळ मिश्रण म्हणजे ज्यात पेट्रोल जास्त झाले ते. म्हणून मी कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे हवेत मिसळायचे पेट्रोल ज्याच्या छिद्रातून येते तो पितळी स्क्रू, बदलून लहान बसवला. पुढच्या रविवारी काका म्हणाले, “अजून पातळ झालंय!” मी आणखी लहान बसवला.

त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत इंजिन तापून पिस्टन जाम झाला. गाडीवर काका होते. त्यांनी ती ढकलत आणली, भिंतीला टेकवली आणि म्हणाले, “घे तुझी गाडी.”

त्या दिवसापासून ‘आपली’ गाडी ‘तुझी’ झाली. त्यांना वाटले, पोराने हट्टाने उलटे केले. मला वाटले, सांगितले तेच केले तरी बोलणी मीच खातो. निरोप ताईमार्फत जाऊ लागले. पिस्टन मी नवा बसवला, पण मिश्रण काही जमेना. शेवटी डायनोवर न्यायचे ठरवले, आणि ताईने काकांना खोटेच सांगितले की मी त्यांना बोलावले आहे. (बोलवायचे होते. जीभ रेटली नव्हती.)

पहिल्याच फेरीत पडद्यावरची रेघ वर चढली. काका म्हणाले, “बघा, पातळ! हेच सांगत होतो.” मी म्हणालो, “पातळ आहे हे मलाही मान्य आहे, म्हणून तर जेट लहान केला!”

रोलरवाल्याने मूठ सोडायला लावली. “एक मिनिट. तुमच्यात पातळ म्हणजे पेट्रोल कमी की जास्त?”

“कमी!” काका म्हणाले.

“जास्त!” मी म्हणालो.

दोघेही एकदमच बोललो. रोलरवाला खुर्चीत मागे रेलला आणि पोट धरून हसला. काका माझ्याकडे बघत राहिले. “अरे, विरळ म्हणजे पातळ! हवा जास्त, पेट्रोल कमी!” मी थिनरचे सांगितले. त्यांनी मोठा जेट शोधून माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाले, “रंगारी कुठला!”

तो बसवला, पेट्रोल आणखी वाढावे म्हणून कार्ब्युरेटरची सुई एक खाच वर घेतली. आता एक भाग पेट्रोलला तेरा भाग हवा, वजनाने, आणि रेघ जिथे हवी तिथे आडवी धावते. गाडी खोकत नाही. मी फार समाधानी आहे. फक्त काका अजून ‘तुझी गाडी’च म्हणतात, आणि मला तोंडावर सांगता येत नाही. म्हणून इथे लिहितो: माझ्या पश्चात मोटारसायकल काकांची. जेट बदलू नये. घरात यापुढे कोणी ‘पातळ’ म्हणू नये. ‘पेट्रोल कमी’ किंवा ‘पेट्रोल जास्त’ असे स्पष्ट म्हणावे.

खुलासा. साक्षीदार दोनच्या जागी जी खोडलेली रेघ दिसते ती खाडाखोड समजू नये. आज शेडमध्ये वेल्डर वेळेवर आला नाही. काका म्हणाले, “आण इकडे, मी ठोकतो सही.” आणि न वाचता सुरुवातही केली. मी पेन ओढून घेतले.

“का रे? माझी सही चालत नाही?”

“साक्षीदाराला काही मिळत नाही, काका.”

“मला काय मिळायचंय?”

मी गाडीकडे पाहिले. रोलरवाल्याने ती तापवून ठेवली होती. काकांनीही तिच्याकडे पाहिले, चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

“शहाणाच आहेस. तुझ्याआधी मी जाणार.” मग पट्टे एकेक ओढून बघत म्हणाले, “आटप तुझं शुद्धलेखन. आपली गाडी गार पडतेय.”

लिहून देणार : (सही)

साक्षीदार एक : (सही) रोलरवाला

साक्षीदार दोन : (सही) वेल्डर. उशिरा आला. काही मिळणार नाही हे त्याला वाचून दाखवले.

ठिकाण : चाचणीची शेड, रोलरशेजारी
दिनांक : १० मार्च २०२६, मंगळवार, गाडी गार पडण्याआधी