नावेतलं चॉकलेट

आई, आत्या म्हणते तू पाण्याला लई भ्यायचीस. विहिरीवर गेलीस तरी काठापासून लांब उभी राहायचीस म्हणे, आणि पोहरा दुसरीला ओढायला लावायचीस. आपल्याकडं नाव म्हटली की नांदेडचीच, आणि नांदेड तू कधी बघितलं नाहीस, मग तिथल्या नावेत बसणं तर लांबच राहिलं. तुझं सगळं जग म्हणजे जळकोटचं सासर आणि तिथून बैलगाडीनं जाता येईल इतक्या अंतरावरचं माहेर. आत्या हे इतकं ठासून सांगते की पुढं बोलायची सोयच राहत नाही. आता तूच सांग, मग नावेत मला जवळ घेऊन बसलेली, जिला मी आजवर माझी आई म्हणत आले, ती बाई कोण?

तुला सगळं पहिल्यापासून सांगायला पाहिजे, कारण तुला माझ्याबद्दल काहीच माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते. तुझा एकही फोटो घरात नाही. मागून आलेली आई माणूस म्हणून फार चांगली होती, माझ्या वेण्या तिनंच घातल्या, माझं बाळंतपण तिनंच केलं. पण तिला वाईट वाटू नये म्हणून तुझा विषय कुणी काढत नसे. अण्णा तर नाहीच नाही. एकदा जेवताना मी त्यांना विचारलं, माझी पहिली आई दिसायला कशी होती. अण्णांनी हातातला घास परत ताटात ठेवला, उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर मी त्यांना कधी विचारलं नाही, बाकी सगळ्या गावाला विचारलं. आहेच मी भोचक. ते तुझ्याकडून आलं की कुणाकडून, तेही विचारायला कुणी उरलेलं नाही.

तर माझ्याजवळ तुझं म्हणून एवढंच आहे. मी नावेत बसलेय. चोहीकडं तांबूस पाणी आहे आणि पाण्यावर झेंडूची फुलं चाललीत. माझ्या गालाला लाल कापड लागतंय, ते तुझं लुगडं. तू काही बोलत नाहीस, पण आहेस, अगदी खेटून आहेस. आणि एक टकल्या माणूस आहे, त्याचा एक हात तुझ्यावर, एक माझ्या पाठीवर. अण्णा कुठंच नाहीत. मग कुणीतरी माझ्या तोंडात चॉकलेट घालतं, आंबटगोड, आणि मला इतकी खुशी होते, इतकी खुशी होते की मी मोठ्यानं हसते. बास. एवढंच, आणि हे खरं की मी मनानं रचलेलं, तेच मला कळेना. त्या टकल्यानं तर मला जन्मभर छळलं. अण्णांचे केस मरेपर्यंत दाट होते. परका माणूस माझ्या आईला धरून नावेत बसतो म्हणजे काय? आत्याला हे तोंड वर करून विचारणार तरी कसं!

मी आता लातूरला क्लासच्या पोरींची मेस चालवते. तुझ्या वेळी हे नव्हतं. डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावच्या पोरी इथं खोल्या करून राहतात, दिवसभर पाठ करतात आणि माझ्याकडं येऊन भाजीला नावं ठेवतात. तू गेलीस तेव्हा याच वयाची होतीस, त्यामुळं कधीकधी वाढताना मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहते. मग त्या म्हणतात, "काय बघून राहिल्या काकू, कोथिंबीर लागलीय का दाताला?" त्यातलीच धर्माबादची एक पोरगी, फार हुशार नव्हती पण बोलण्यात वस्ताद. तिचा मेडिकलला नंबर लागला नाही. घरच्यांनी तोंड पाडलं, हिनं मात्र नांदेडात खोली घेतली आणि धंदा काढला. एक दिवस फोनवर तिची जाहिरात आली. नांदेड शहराची खाजगी सफर, गाईडसह, नावेतून फेरी आणि चॉकलेट. माझ्या कढईत पुऱ्या होत्या. नाव आणि चॉकलेट ही दोन्ही एका ओळीत बघून माझं असं काही झालं की एक घाणा काळा पडला. पोरींनी तेवढ्यावरनं बोंब मारलीच.

मी तिला लगेच फोन लावला. "खाजगी म्हणजे काय गं?"

"म्हणजे गर्दी न्हाई काकू. फक्त तुम्ही आन मी."

"आन नाव कुठं नेतीस?"

"या तर खरं. सगळं दाखवते."

रविवारी मेसला अर्धी सुट्टी असते. पहाटेच्या एसटीनं निघाले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मग नांदेडचा पूल आला तशी शेजारच्या बाईनं खिडकीतून नदीला हात जोडले. मी जोडले नाहीत, मी नुसती बघत होते. आमच्याकडं नळाला पाणी आलं की सगळी गल्ली भांडी घेऊन धावते, आणि इथं एवढं पाणी आपलं निवांत पडलेलं. मी शोधत होते ते याच पाण्यात होतं की नव्हतं, एवढंच मला कळून घ्यायचं होतं. नसेल तर नसेल, म्हटलं. मग आत्याचं ऐकायचं आणि ती लाल लुगड्याची बाई सोडून द्यायची.

पोरीनं डोक्यावर टोपी घातली होती, स्कूटी धुऊन आणली होती. मला मागं बसवून किल्ल्याजवळ नेलं आणि समोर उभी राहून खणखणीत आवाजात सुरू झाली, "नमस्कार पर्यटकहो! गोदामाईच्या काठावरच्या या नगरीत आपल्या सर्वांचं स्वागत!"

"अगं, मी एकटीच आहे."

"काकू, मला असंच पाठ हाय. मधे बोललं की मी पहिल्यापासून सुरू करते."

खरंच करते गं ती, दोनदा केलं. किल्ला झाला, गुरुद्वारा झाला, तिथं लंगरात बसून जेवलो. डाळ इतकी चांगली की मी वाढणाऱ्याला फोडणीचं विचारून घेतलं. पण माझं सगळं लक्ष घाटाकडं. मी आपली विचारतेय, पूर्वी नावा कुठून सुटायच्या, बाया बसायच्या का, जळकोटकडची माणसं यायची का. ती म्हणते, "प्रश्न शेवटी, काकू." मनात आलं, माझ्या मेसमधे अजून असतीस तर दाखवलं असतं.

घाटावर एक म्हातारा नाववाला होता, तिच्या ओळखीचा. आम्हाला दोघींना भगवी फुगीर जाकिटं घातली, तो स्वतः तसाच. नाव हलली तशी मी लाकूड घट्ट धरलं आणि मला हसू आलं. म्हटलं, हे तुझंच आलंय की माझ्यात! मग पोरीनं बर्फ घातलेल्या डब्यातून चॉकलेट काढलं. तिनं स्वतः घरी केलेलं, साच्यातलं, होडीच्या आकाराचं. मी डोळे मिटून तोंडात टाकलं. मला वाटलं आता सगळं आठवेल, तुझं तोंडसुद्धा दिसेल. आणि काय सांगू, कडू जहर!

"हे चॉकलेट हाय का काढा?"

"काकू, डार्क हाय ते. परदेशी लोक असंच खातात."

"खाऊ दे त्यांना."

नाववाला खो खो हसला. वल्हं एका हातात धरून त्यानं बसायच्या फळीखालून पत्र्याचा डबा ओढला आणि माझ्या हातावर एक गोळी ठेवली, संत्र्याच्या फोडीसारखी, कागदात गुंडाळलेली. "हे घ्या मावशी, आमच्या वक्ताचं चॉकलेट." मी ती जिभेवर ठेवली. आई, तीच चव. आंबटगोड, तीच, तंतोतंत. मी ओरडलेच, "हेच! हेच दिलं होतं मला!" पोरगी घाबरली, नाव डुलली. मला वाटलं जिंकले. आता आत्याला सांगते, की बघ, नेलं होतं मला माझ्या आईनं नावेत, तुला काय ठाऊक.

"तुम्ही लहानपणी आल्ता का नावंत?" नाववाला म्हणाला. "तर मग माझ्या बापाची नाव आसंल. त्यानंच हा डबा ठेवायला सुरू केला."

"फिरायला येणाऱ्या लेकरांसाठी?"

"फिरायला कोण येतंय तवा? ही पोरगी आली तवापासून फिराया लागले लोक. तवा नाव म्हंजे अस्थी सोडायला. एखादा संगं लेकरू घिऊन यायचा. लेकरू रडायचं, मग माझा बाप गोळी द्यायचा."

मला कळलं नव्हतं असं नाही, पण मनाला कळू द्यायचं नव्हतं. मी त्याला म्हटलं, मधे घ्या नाव, पार धारेपर्यंत. पोरगी म्हणाली, काकू आपली फेरी काठाकाठानंच असते. मी म्हटलं, घ्या. तो माझ्याकडं बघून काही न विचारता वळला. आणि आमच्या मागून घाटावरची दुसरी नाव आली, तीही धारेकडं. तिच्यात चारसहा माणसं होती. मधे एक तरणा माणूस, नुकतं भादरलेलं डोकं उन्हात चमकत होतं, आणि त्याच्या मांडीवर मडकं, मडक्याला लाल फडकं बांधलेलं, वर झेंडूचा हार. दोन्ही हातांनी त्यानं ते असं धरलं होतं की नाव हलली तरी ते हलू नये. नाववाल्यानं वल्हं थांबवलं. पोरीनं टोपी काढली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सॉरी काकू, हे टूरमधे न्हाई."

मी त्या माणसाच्या टकलाकडं बघत होते. एवढी वर्षं मी ज्याला परका म्हणून शिव्या घातल्या, ते अण्णा होते. केस नसलेले अण्णा मी ओळखले नव्हते. त्यांचा एक हात तुझ्यावर होता आणि एक माझ्या पाठीवर, आणि माझा गाल तुझ्या लाल फडक्याला लागला होता. मी रडले, आई. गोळी तोंडात तशीच होती आणि मी रडले, अगदी नाक ओढून. पोरगी जाकिटावरनं माझी पाठ थोपटत बसली, आणि त्या दिवशी एवढं एकच तिनं पाठ केलेलं नव्हतं.

बसस्टँडवरनं मी आत्याला फोन केला. आधी ती ऐकू येत नाही म्हणाली. मी परत ओरडून विचारलं, आईच्या अस्थी सोडायला मला नेलं होतं का.

"हाव," आत्या म्हणाली. "पोरीच्या जातीला कोण नेतंय? पन तू घरी राहीनास. अण्णाचं धोतर धरून बसलीस, सोडवलं की काळी-निळी पडायलीस. मग म्हणला, येऊ दे, तिच्या आईला बी बरं वाटंल."

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस, आईसंगं नावंत बसले होते का. म्या म्हणलं, ती तर पान्याला भ्यायची. असलं लेकराला कोन सांगतंय, माय?" मग आत्यानंच पुढं सांगितलं, "अण्णा म्हणला होता, परत येताना तू नावंत हसलीस. लई हसलीस. त्याला ते कुनाला सांगू वाटलं न्हाई."

तर आई, मला अजून पुष्कळ विचारायचं आहे, पण आता ते दुसरंच आहे. पाण्याला इतकी भ्यायचीस, तर त्या दिवशी तुला भीती वाटली का, की अण्णांनी धरलं होतं म्हणून चाललं? अण्णा घास ठेवून उठले ते माझ्या प्रश्नामुळं, की मी तुझ्यासारखीच मान वाकडी करून विचारलं म्हणून? आणि तुला ती संत्र्याची गोळी आवडायची का? आत्या म्हणते तुला गूळ-शेंगदाणे आवडायचे, पण आत्याचं सगळंच खरं धरायचं का ते मी अजून ठरवलेलं नाही.

हे लिहिलेले कागद कुठं टाकू ते कळत नाही. नदीत सोडले असते, पण धर्माबादची पोरगी नावेत पाय ठेवायच्या आधीच बजावते, नदीत कागद टाकायचा नाही. तेव्हा राहतील इथंच, मसाल्याच्या डब्यांमागं. एक मात्र आत्यालाही सांगितलेलं नाही, तुला सांगते. मेसमधल्या पोरी वाढदिवसाला एकमेकींना विचारत बसतात, सगळ्यात खुशीचा दिवस कोणता म्हणून, आणि मला विचारलं की मी आजवर एकच सांगत आले, आईसंगं नावेत बसले तो. परवा किल्लारीच्या एका नव्या पोरीनं विचारलं. आता मला ठाऊक आहे तो दिवस कसला होता. तरी मी तोच सांगितला.