व्रतातली सूट

प्रिय खंजन,

तुला 'प्रिय' लिहिता येतंय तोवर लिहून घेते. पुढच्या महिन्यात दीक्षा झाली की तू साध्वीजी. मग तुला वंदना लिहायची, आणि नणंदेला टोमणे मारायची माझी सोय गेली. तू फोन सोडलास म्हणून हे पत्र. इकडे तुझ्या भावाने, निमेषने वरघोड्याच्या मिरवणुकीसाठी बँडवाला ठरवलाय आणि माझी सासू, तुझी बा, रोज नवी साडी नेसून आरशापुढे उभी राहते, जणू दीक्षा तिचीच आहे. तुझं कपाट मात्र मी अजून उघडलेलं नाही. उघडवत नाही.

पंक्ती बरी आहे, असा निरोप तुझ्या भावाने तुला तिकडे पाटणला, गुरुणींकडे पाठवला ना? ती बरी नाही. गेल्या आठवड्यात तिला सलाइन लावावं लागलं. पाणी पीत नाही गं. उकळलेलं पाणी गाळते, परत गाळते, फडकं उजेडात धरून बघते आणि कुणीतरी मेलं असेल म्हणून रडते. ओतून द्यावं तर मोरीतले जीव मरतील, म्हणून ओतूही देत नाही. स्वयंपाकघरात भरलेली पातेली मांडून ठेवलीत आणि माझ्या दहा वर्षांच्या पोरीचे ओठ फुटलेत.

तुला आठवतं, ती शाळेत क्षणभर एका जागी बसायची नाही, पण तुझ्याशेजारी सामायिकाला, डोळे मिटून ध्यानाला बसली की हलायची नाही. डॉक्टरांनी ऑटिझम म्हटलं तेव्हा आम्ही दोघं खचलो होतो, तू नाही. माणसांचे नियम रोज बदलतात म्हणून तिला कळत नाहीत, धर्माचे बदलत नाहीत म्हणून आवडतात, असं तू म्हणाली होतीस. खरंच होतं ते. ती खाली बघून, मुंगी चुकवत चालायला लागली तेव्हा उपाश्रयातल्या बायका तिला जवळ घेऊन म्हणायच्या, "तोरल, मागच्या जन्मीची साधक तुझ्या पोटी आलीय." मी फुगून घरी यायचे. आजार आपल्याच धर्माचे कपडे घालून आला, तर ओळखायचा कसा? मग एक दिवस ती उंबऱ्यात उभी राहिली आणि पुढे पाऊलच टाकेना. तेव्हाही बा म्हणाली, केवढी दया आहे पोरीत.

डॉक्टर म्हणतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑटिझम हा तिचा स्वभाव, त्याला गोळी नाही आणि लागतही नाही. ही भीती मात्र आजार आहे, ओसीडी. ती गोळीने सैल होईल, मग बोलून-शिकवून उपचार करता येतील. निमेषने भिंग घेऊन गोळ्यांच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचलं, प्राण्याचं काही आहे का बघायला. काही सापडलं नाही, तेव्हा त्याने दुसरी कारणं शोधली. ती सुस्त होईल, हसणार नाही, आपली पंक्ती उरणार नाही. मी त्याच्यावर ओरडले, आणि आत जाऊन रडले, कारण मलाही तीच भीती होती. सलाइन लागेपर्यंत डबी देवघरामागेच पडून होती. शेवटी दोघांनी ठरवलं, द्यायची.

पण गोळी हातावर ठेवली तर तिने विचारलं, "ही घेतल्यावर मला त्यांची दया येणार नाही का?"

खंजन, मी गोळी परत डबीत टाकली. मग म्हणाली, फोईने, म्हणजे तू, व्रताचं पच्चक्खाण दिलंय, गोळी पाण्याबरोबर घ्यायची, पाण्यात जीव असतात, व्रत मोडेल.

मी उपाश्रयातल्या ज्येष्ठ साध्वींकडे, मोठ्या महाराजसाहेबांकडे गेले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रोज पच्चक्खाण घेतेस, अर्थ कधी विचारलास? त्यात सूट आहेच. आजारात मन शांत राहावं म्हणून औषध घेतलं तर व्रत मोडत नाही." जन्मभर घाईघाईने म्हणत आले गं मी ती ओळ. ज्यांनी एवढं कडक व्रत घातलं, त्यांनीच त्यात माझ्या पोरीसाठी जागा ठेवली होती. मी घरापर्यंत धावतच आले. पंक्तीने शांतपणे ऐकलं, आठवून बघितलं आणि म्हणाली, "फोईने ती ओळ म्हटली नव्हती."

लहान मुलीला झेपावं म्हणून तू ते थोडक्यात म्हटलं असशील. मीही तसंच केलं असतं. तुला मी बोल लावत नाही. पण ती माझं ऐकत नाही, बापाचं नाही, महाराजसाहेबांचंही नाही. व्रत ज्याने दिलं त्याचंच ऐकेन म्हणते. म्हणून लिहितेय. तुझ्या गुरुणींना विचारून एक दिवस ये. तिच्यासमोर बस आणि सगळं पच्चक्खाण सावकाश म्हण, काही न गाळता. गोळीनंतर ती मुंगीसाठी थांबेल की नाही, मला माहीत नाही. नाही थांबली, तर तिच्या वाटचं मी थांबेन. तुला घर सोडायचंय, मी अडवत नाही. फक्त जाण्याआधी तेवढी ओळ म्हणून जा.

तुझीच, अजून महिनाभर तरी,
तोरलभाभी