दीपनगरात लागणारा फोन

कला,

रंजूसाठी मोबाइल घेतोय. आपला शेजारी यादव सांगतो ती कंपनी नको. त्या कंपनीचे फोन छोटे, देखणे आहेत, आपल्या मेहरूणात रेंजही पूर्ण येते. दुसऱ्या कंपनीकडे एकच जाडजूड फोन आहे, पण तो रंजूच्या दीपनगरात लागतो.

काल पेन्शनच्या कामाला जातो म्हणालो, ते खोटं होतं. रेंज तपासायला दुकानदाराचे दोन्ही फोन घेऊन मी रंजूच्या क्वार्टरसमोर उभा होतो. तिच्या लग्नानंतर चार वर्षांनी पाहिली पोरगी. ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला दिवस गेलेत. तुला ठाऊक असेलच, पण घरात तिचं नाव काढायचं नाही असं मीच सांगून ठेवलेलं.

आपण त्याच कॉलनीत राहायचो, तेव्हा साहेबांकडे माझा फोन आला की ती अनवाणी पळत यायची. "आबा, चला लवकर, फोन चालू ठेवलाय!" म्हणत हात ओढायची. काल मला तिला साधी हाक मारता आली नाही.

आज फोन घेऊन तिकडेच जातो. दुपारी तू कुठे जाऊ नको. घरचा फोन वाजला, तर तिने मला आत घेतलं असं समज.

देवचंद