बाई उठेनात

मालमो (स्वीडन), रविवार

ती. आप्पामामांस,

साष्टांग नमस्कार (इथल्या थंडीत जमिनीवर आडवं होणं परवडत नाही, तेव्हा कागदावरच). गुडघे काय म्हणतात? मामींचं मेतकूट पुरवून पुरवून खातोय. शर्वरी ईराला घेऊन तुमच्याकडे साताऱ्याला आली ती हवापालटासाठी, असं तिने सांगितलं असेल. मला सांभाळून घ्यायची तिची सवय जुनी आहे. खरं काय ते मी सांगतो.

पुण्याच्या ऑफिसात साहेब उठल्याशिवाय आम्ही कोणी खुर्ची सोडत नसू (काम नसलं तरी कपाळाला आठ्या घालून बसायचं). तीच शिस्त मी इथे आणली. चार वाजले की इथलं ऑफिस ओस पडतं. मागे राहायचो मी आणि आमच्या साहेबीणबाई गुनिला (त्यांना मॅडम म्हटलं की कोण आलं म्हणून मागे वळून बघतात). बाई बसायच्या म्हणून मी बसायचो, पार जेवणवेळ टळेपर्यंत. मनात म्हणायचो, काय कामाची बाई आहे! घरी शर्वरी ताट झाकून ठेवायची. पुढे पुढे तेही सोडलं तिने.

डिसेंबरात ईराच्या शाळेत लुसियाचा (इथला दिव्यांचा सण) कार्यक्रम होता. यंदा दिव्यांचा मुकुट आमच्या पोरीच्या डोक्यावर, सगळ्यांच्या पुढे तीच गात चालणार. मी कोट चढवून तयार, पण बाई काही उठेनात, आणि जाऊ का म्हणून विचारायची माझी जीभ रेटेना. पोचलो तेव्हा खुर्च्या रचून ठेवत होते. ईराने मुकुट काढून माझ्या हातात दिला आणि कोट घालायला गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, मामा.

परवा बाईंनी मला बोलावून हळूच विचारलं, "सुधन्वा, तू घरी का जात नाहीस रे? तुला काम झेपत नाही असं वाटलं. एकट्याला टाकून कशी जाणार, म्हणून मीही थांबायचे. माझं गाण्याचं मंडळ सुटलं बघ त्यात."

म्हणजे त्या माझ्यासाठी बसल्या होत्या आणि मी त्यांच्यासाठी. काम दोघांनाही नव्हतं. ऑफिसात आम्ही पोट धरून हसलो. घरी येऊन मी रडलो.

तुमचा भाचजावई,
सुधन्वा

ता. क. शर्वरी माझा फोन उचलत नाही. मी आता चारला निघतो, एवढं तिच्या कानावर घालाल का? तुमचं ऐकते ती.

ता. क. पुन्हा. मुकुट फ्रिजवर ठेवलाय. रोज लावून बघतो, दिवे लागतात. ईराने एकदा तो घालून नुसतं स्वयंपाकघरातून चालून दाखवावं. मी आधीच येऊन बसेन.