बन्नूर रस्त्यावर दुडकी

३ नोव्हेंबर, रविवार
पुन्हा ओरडलो! शिकायला आलेल्या नव्या लोकांनी उसाच्या वाटेवर घोडे चौखूर सोडले आणि माझं डोकं सटकलं. मानाजीकाका (तबेला त्यांचाच) म्हणाले, "श्रीहरी, घोडी नंतर, आधी तू शांत हो रे! सुम्ने, उगाच कशाला बोंबलतोस?" भांडून कॉलेज अर्धवट टाकलेल्या मला ह्याच माणसानं कामाला ठेवलं. तेही शिकवायच्या! ह्यांचे उपकार कसे फेडू?

१२ नोव्हेंबर, मंगळवार
नव्या लोकांतल्या मधुमितेला सांगितलं — लांबची शर्यत पळवून जिंकत नाहीत. थोडी दुडकी, थोडी चाल, परत दुडकी. शेवटी उतरायचं, खोगिराचा तंग सैल करायचा, घोडीला लगाम धरून चालवत न्यायचं. डॉक्टर नाडी बघतात. ठोके वेळेत उतरले नाहीत तर घोडी बाद.
"सर, किती छान शिकवता!" म्हणाली. सर! माझ्याहून मोठीच असेल. जेवण गेलं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार
उद्या तिची पहिली शर्यत, चाळीस किलोमीटर. नीट पार पडली की तिला विचारणार. ठरलं!

२४ नोव्हेंबर, रविवार
मी सोबतीला, दुसऱ्या घोड्यावर. शेवटच्या टप्प्यात निशांत धूळ उडवत पुढे गेला. तिच्या ऑफिसातला, दुसऱ्या क्लबचा. वर हात हलवून — "या सावकाश, आजीबाई!"
"सोड लगाम! पळव तिला!" कोण ओरडलं? मी. मीच!
मधुमितेनं लगाम आवरूनच धरला. "सर, धापा ऐकू येत नाहीत का तिच्या?"
नव्हत्या येत. ती उतरली, तंग सैल केला, चालू लागली. मीही उतरलो.
घोडी पास! निशांतचा घोडा बाद. ठोके उतरेचनात, सलाईन लावावं लागलं. संध्याकाळी सावरला, नशीब!
देवा, तिनं माझं शिकवणं ऐकलं, माझं ओरडणं नाही. तबेल्यात घोडीच्या मानेला गाल लावून कितीतरी वेळ उभा होतो. विचारायचं राहिलंच. रविवारी येईल तेव्हा.

१ डिसेंबर, रविवार
मधुमिता आली. निशांतला घेऊन. "सर, आता ह्याला शिकवा. फेब्रुवारीत लग्न आहे आमचं, तोवर ह्याचं हे उधळणं थांबवा."
तो मान खाली घालून उभा. मी तोंड उघडलं.
"ये," म्हटलं. "आधी घोड्याला पाणी पाज."