नुहैलाचा शेवटचा प्रश्न

रबात

प्रिय भगिनी बतूल,

परमदयाळू अल्लाह तुला व घरातील सर्वांना शांती देवो. माझे जेवणखाण वेळेवर होते, चिंता नसावी. तुझा गुडघा कसा आहे?

तुझ्या नातीचे प्रश्न वाचले. नुहैलाला सांग, नव्या गजाला राळ घासल्याशिवाय स्वर निघत नाही. व्हायोलिन आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मांडीवर उभे धरावे, गज सरळ ओढावा. आरंभी ते सर्वांच्याच हाती किंचाळते. कानांवर विश्वास ठेवावा.

काल मीही वडिलांनी शिकवलेली प्रभातीची रचना वाजवली. ती मला निर्दोष भासली, कारण मी ती केवळ आठवणीत ऐकत होतो. शेजारचे इद्रीस हसत आले आणि त्यांनी माझ्या पाटीवर लिहिले, “अहो हाजीसाहेब, त्या मांजराची शेपटी सोडा की आता!”

त्याच पाटीवर गेल्या आठवड्यात वैद्यांनी लिहिले होते की श्रवण परत येणार नाही. पवित्र ग्रंथात श्रवणाचा उल्लेख दृष्टीच्या आधी का येतो, ते आता उमगले.

पुढील शुक्रवारी तेतुआनला परततो. ‘माझे व्हायोलिन गोड वाजू लागले, हे तुम्ही मला केव्हा सांगाल?’ असे नुहैलाने शेवटी विचारले आहे. ते तूच ऐकून तिला सांग.

तुम्हा सर्वांसाठी प्रार्थना करणारा,
तुझा थोरला भाऊ
मुफद्दल